अळीचा वाटा

पाऊस स्थिरावला की परसबागेत दोन गोष्टी एकदमच वाढू लागतात. एक भाजी आणि दुसरी भाजीवरची अळी. काल संध्याकाळी हिरवीगार दिसलेली मुळ्याची पानं सकाळी चाळणीसारखी झालेली असतात. कढीलिंबाच्या कोवळ्या शेंड्याच्या जागी नुसती काडी उरते. ज्याचं एकरभर शेत आहे, त्याचं गणित वेगळं. पण ज्याची बाग म्हणजे गच्चीवरच्या दहा कुंड्या किंवा स्वयंपाकघरामागचे दोन वाफे, त्याला एकच अळीसुद्धा जड जाते. मग प्रश्न पडतो, हिचं करायचं काय? औषध मारावं, तर तीच भाजी उद्या आपल्याच ताटात येणार. चिरडावी, तर अनेकांचा हात धजत नाही. आणि तशीच सोडावी, तर भाजी हातची जाते.

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही आणि किरकोळही नाही. माणसानं भाजी लावायला सुरुवात केल्यापासून तो त्याच्या मागे आहे. त्याची उत्तरं मात्र काळाप्रमाणे बदलत गेली. मंत्र-तोडगे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, कायदे झाले, विमानातून विष फवारून झालं. या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. अळीशी आपण किती माणुसकीनं वागू शकतो, हे आपल्याला तिच्याविषयी किती माहिती आहे यावर अवलंबून असतं. मनात दया असणं पुरेसं नाही. अळी कुठून येते, काय खाते आणि तिचं पुढे काय होतं, हे कळल्याशिवाय ती दया कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

सुरुवात थेट ग्रीसपासून करू. ॲरिस्टॉटलनं अळीपासून फुलपाखरू होताना पाहिलं होतं आणि लिहूनही ठेवलं होतं. पण मुळात अळी कुठून येते? त्याचं उत्तर होतं, हिरव्या पानातून, विशेषतः कोबीच्या पानातून. पानावर आधी बाजरीच्या दाण्याहूनही लहान असा एक कण दिसतो, तो वाढतो आणि त्याची अळी होते, असं त्यानं नोंदवलं. गंमत पाहा, तो कण म्हणजे अंडंच होतं. ते त्याला दिसलं, पण ते फुलपाखरानं घातलं आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. पुढे रोमन लेखक प्लिनी यानं तर वसंतात पानावर पडलेलं दव उन्हानं घट्ट होतं आणि त्याची अळी बनते, असं सांगितलं.

आता अळी दवातून किंवा पानातून आपोआप उपजत असेल, तर तिला रोखणार कसं? मग तोडगे आले. बागेत खांबावर घोडीच्या कवटीचं हाड लावावं, म्हणजे अळ्या येत नाहीत, असं प्लिनीनं लिहून ठेवलं आहे. आपल्याकडच्या शेतातलं बुजगावणं आणि त्याच्या डोक्यावरचं काळं मडकं आठवलं, तर या उपायाचं फारसं नवल वाटणार नाही. कोलुमेला हा शेतीवर लिहिणारा रोमन लेखक. रजस्वला स्त्रीनं अनवाणी पायांनी वाफ्यांभोवती फिरावं, म्हणजे अळ्या गळून पडतात, असा उपाय त्यानं सांगितला. आपल्याकडच्या वृक्षायुर्वेदाच्या परंपरेत उपचाराचा भाग अधिक होता. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत झाडांच्या दुखण्यांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात रोगट भाग कापून तिथं वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यायला सांगितलं आहे. वावडिंग हे आपल्या घरगुती औषधांत जंतांवर दिलं जातं. म्हणजे जे माणसाच्या पोटातल्या किड्यांवर, तेच झाडाच्या किडीवर असा तो विचार होता.

मध्ययुगीन युरोपात तर प्रकरण कोर्टात गेलं. हे शब्दशः खरं आहे. फ्रान्समध्ये त्रॉय इथल्या धर्मन्यायालयानं १५१६ साली अळ्यांना सहा दिवसांत हद्द सोडून जाण्याचा हुकूम दिला. न गेल्यास बहिष्काराचा शाप! १६५९ साली आजच्या उत्तर इटलीतल्या कियावेन्ना खोऱ्यातल्या गावांनी अळ्यांविरुद्ध फिर्याद केली. समन्सचे कागद त्या त्या गावच्या रानात झाडांना ठोकले गेले. त्या प्रकरणाच्या कागदपत्रांत, माणसाच्या सुखाला बाध येत नसेल तोवर अळ्यांनाही जगण्याचा हक्क आहे, असं मान्य केलेलं आढळतं. या सगळ्या खटल्यांची हकिगत एडवर्ड इव्हान्स या अमेरिकी अभ्यासकानं १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाचायला मिळते.

त्यातला सर्वांत सुरस खटला अळ्यांचा नाही, भुंगेऱ्यांचा आहे. पण तो आपल्या प्रश्नाच्या फार जवळचा आहे, म्हणून सांगतो. फ्रान्सच्या सव्हॉय भागात सेंट जुलियन नावाचं गाव. तिथल्या द्राक्षबागा हिरवे भुंगेरे खात. १५४५ साली पहिला दावा झाला आणि १५८७ साली तो पुन्हा उभा राहिला. कीटकांच्या वतीनं रीतसर वकील नेमला गेला. त्यानं युक्तिवाद केला की, परमेश्वरानं माणसाच्या आधी या जिवांना निर्माण केलं आणि हिरवा पाला त्यांना अन्न म्हणून दिला, तेव्हा ते द्राक्षाची पानं खातात यात गुन्हा काय? खटला लांबत चालला, तेव्हा गावकऱ्यांनी सभा घेऊन तडजोडीचा प्रस्ताव मांडला. गावाबाहेरचा एक जमिनीचा तुकडा कीटकांना कायमचा तोडून देऊ, त्यांनी तिथं सुखानं राहावं. त्यावर कीटकांच्या वकिलानं हरकत घेतली. ती जमीन नापीक आहे, माझ्या अशिलांना तिथं खायला काहीच नाही! निकाल काय लागला हे मात्र समजत नाही, कारण इव्हान्स सांगतात त्याप्रमाणे दप्तराचं शेवटचं पान उंदरांनी किंवा किड्यांनीच खाऊन टाकलं.

आज आपण हे वाचून हसतो. पण त्या वकिलाची हरकत शास्त्रशुद्ध होती. कीटकाला त्याचा वाटा द्यायचा, तर त्या वाट्यात त्याचं अन्न हवं. आणि त्याचं अन्न कुठलं हे ठाऊक होण्यासाठी त्याच्याकडे शत्रू म्हणून किंवा आरोपी म्हणून न पाहता, नुसतंच निरखून पाहणारं कुणीतरी यायला हवं होतं.

ते काम एका मुलीनं केलं. मारिया सिबिला मेरियान हिचा जन्म १६४७ सालचा, जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातला. सावत्र वडील फुलांची चित्रं काढणारे. त्यांच्या हाताखाली ती चित्रकला शिकली. वयाच्या तेराव्या वर्षी तिनं रेशमाचे किडे पाळून पाहिले आणि मग दिसेल ती अळी घरी आणण्याचा तिला छंद लागला. ती अळीला डबीत ठेवी, ज्या झाडावर सापडली त्याच झाडाचा पाला रोज घाली आणि कोष कधी झाला, त्यातून काय बाहेर आलं, हे लिहून ठेवी. १६७९ साली तिचं अळ्यांवरचं पहिलं पुस्तक निघालं, दुसरा भाग १६८३ साली. प्रत्येकात पन्नास चित्रं. एकाच चित्रात अंडं, अळी, कोष, फुलपाखरू आणि मध्यभागी ते झाड, ज्याच्या पानावर ती अळी वाढते. १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ती आपल्या धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि तिथल्या कीटकांवर तिनं १७०५ साली मोठा ग्रंथ काढला.

मेरियाननं चित्रात झाड काढलं ते शोभेसाठी नव्हे. प्रत्येक अळीचं आपलं ठरलेलं पान असतं, ही गोष्ट तिनं जगाच्या डोळ्यांसमोर ठेवली. काही अळ्या पुष्कळ प्रकारचा पाला खातात, पण कित्येक अळ्या एकाच कुळातल्या झाडांवर जगतात. दुसरं पान पुढ्यात ठेवलं, तर उपाशी मरतील पण खाणार नाहीत. परसबागेच्या दृष्टीनं याचा अर्थ फार मोलाचा आहे. पुष्कळ भली माणसं अळी काडीवर उचलून रस्त्यापलीकडच्या गवतात नेऊन सोडतात आणि जीव वाचवल्याचं समाधान मानतात. पण लिंबावरची अळी गवतात सोडणं म्हणजे तिला उपाशी मरायला पाठवणं. सेंट जुलियनच्या वकिलाची हरकत इथं जशीच्या तशी लागू पडते.

मेरियानच्या नोंदींत एक कोडंही होतं. काही अळ्यांमधून फुलपाखराऐवजी माश्यांसारखे बारीक कीटक बाहेर पडत. हे कोडं तिच्या आधीही अनेकांना पडलं होतं. इटलीत आल्द्रोवांदी या पंडितानं १६०२ साली कोबीवरच्या अळीच्या अंगाला चिकटलेले पिवळसर बारके कोष पाहिले आणि ती अळीनं घातलेली अंडी आहेत, असं ठरवलं. खरं तर ते एका सूक्ष्म गांधीलमाशीचे कोष होते. ही माशी जिवंत अळीच्या शरीरात अंडी घालते. तिची पिल्लं अळीला आतून खात वाढतात आणि शेवटी बाहेर येऊन कोष विणतात. हा उलगडा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वालिस्निएरी या इटालियन वैद्यानं नीट केला.

आपल्या परंपरेतही अगदी असंच एक निरीक्षण आहे आणि ते मराठी माणसाच्या ओळखीचं आहे. घराच्या भिंतीवर मातीचं इवलंसं मडकं करणारी कुंभारीण माशी आपण सर्वांनी पाहिली आहे. ती कुठून तरी अळी उचलून आणते, मडक्यात ठेवते आणि तोंड बंद करते. काही दिवसांनी मडकं फोडून कुंभारीणच बाहेर येते! जुन्या लोकांनी निष्कर्ष काढला की, कोंडलेली अळी भीतीनं सतत माशीचंच चिंतन करते आणि शेवटी स्वतःच माशी होते. हाच भृंगी-कीटक न्याय. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये या माशीला स्थान मिळालं आहे आणि त्याच स्कंधावर एकनाथांनी १५७३ साली वाराणसीत आपलं भाष्य पूर्ण केलं. ज्याचं चिंतन करावं, तेच आपण होतो, हा त्यातला बोध आपल्या जागी आहेच. पण मडक्यातली हकिगत निराळी आहे. कुंभारीण अळीला डंख मारून बधिर करते, मारत नाही. तिच्या अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या जिवंत, निपचित अळीवर पोसतं. बाहेर येते ती अळी नव्हे, अळीला खाऊन मोठी झालेली नवी कुंभारीण असते.

हे सत्य पचवणं सोपं नव्हतं. चार्ल्स डार्विननं १८६० साली आसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात म्हटलं की, अळ्यांच्या जिवंत शरीरात राहून त्यांना खाव्यात अशा माश्या दयाळू परमेश्वरानं मुद्दाम निर्माण केल्या असतील, हे मला पटत नाही. आपल्या प्रश्नातही हा पेच आहेच. मी अळी मारत नाही, माशी मारते, असं म्हणून आपण हात झटकू शकत नाही. पण एक फरक आहे. माशी आपल्या पिल्लांना हवी तेवढीच अळी घेते. माणसाचा हिशेब मात्र पुष्कळदा समूळ उच्चाटनाचा असतो.

त्या हिशेबाची कथा पुन्हा फ्रान्सपासून सुरू होते. जिथं अळ्यांना समन्स निघत, तिथंच क्रांतीनंतर १७९६ साली कायदा झाला की, प्रत्येक जमीनमालकानं आपल्या झाडांवरची अळ्यांची जाळी काढून जाळून टाकली पाहिजेत. आरोपी अळीची आता वकिली संपली होती. एकोणिसाव्या शतकात रसायनं आली. आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बोस्टनजवळच्या मेडफर्ड गावी एक घटना घडली. तिचे पडसाद पुढे शंभर वर्षं उमटत राहिले.

एत्येन त्रुव्हेलो हा फ्रेंच चित्रकार तिथं राहत होता. रेशमासाठी नवे किडे मिळतात का पाहावं, म्हणून त्यानं युरोपातून एका पतंगाची अंडी आणली. त्यांतल्या काही अळ्या निसटल्या आणि आसपासच्या झाडांवर पसरल्या. हाच जिप्सी मॉथ. २०२२ पासून अमेरिकी कीटकशास्त्रज्ञांनी त्याचं नाव बदलून स्पंजी मॉथ केलं आहे. ओकची जंगलं या अळ्यांनी बोडकी केली. त्यांना मारण्यासाठी १८९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये शिसं आणि आर्सेनिक यांचं संयुग वापरात आलं. ते पुढे फळबागांतही फवारलं जाऊ लागलं आणि जुन्या बागांच्या मातीत ते आजही सापडतं. १९३९ साली स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला. त्यासाठी त्यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. स्वस्त, टिकाऊ आणि माणसाला निर्धोक वाटणारं असं औषध मिळाल्यावर अमेरिकी सरकारनं ठरवलं की, ही अळी आता देशातून नाहीशीच करायची.

१९५७ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर विमानं घिरट्या घालू लागली. तेलात मिसळलेलं डीडीटी शेतांवर, घरांवर, तळ्यांवर पडत होतं. तिथं मार्जोरी स्पॉक आणि मेरी रिचर्ड्स या दोन मैत्रिणींची भाजीची बाग होती. मार्जोरी या बालसंगोपनावरच्या पुस्तकामुळे जगभर माहीत असलेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या बहीण. मेरी यांची प्रकृती नाजूक होती. त्यांना रसायनाचा अंशही नसलेलं अन्न मिळावं म्हणून दोघींनी मोठ्या कष्टानं ही बाग उभी केली होती. विमानं एकाच दिवसात अनेकदा त्या बागेवरून गेली. यातला विपर्यास पाहा. जी अळी मारायची होती ती ओकच्या जंगलातली. तिचा भाजीच्या वाफ्यांशी संबंध नव्हता. पण विष वाफ्यांवर पडलं.

या दोघींनी शेजाऱ्यांना बरोबर घेऊन सरकारवर दावा लावला. पक्षितज्ज्ञ रॉबर्ट कुशमन मर्फी यांचं नाव त्या दाव्यात पहिलं होतं. १९५८ साली खटला चालला आणि ते हरले. १९६० साली सर्वोच्च न्यायालयानं अपील ऐकायला नकार दिला. फक्त न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्या नकाराला विरोध नोंदवला. पण हा पराभव वाया गेला नाही. कोर्टातल्या साक्षींचा रोजचा वृत्तान्त मार्जोरी स्पॉक लिहून काढत. तो रेचल कार्सन यांच्या हाती पडत होता. त्यातून मिळालेल्या शास्त्रीय पुराव्याचा त्यांना मोठा उपयोग झाला आणि १९६२ साली त्यांचं 'सायलेंट स्प्रिंग' प्रसिद्ध झालं. अमेरिकेत १९७२ साली डीडीटीवर बंदी आली. भारतात शेतीसाठी त्याचा वापर १९८९ साली बंद झाला. एका भाजीच्या बागेचा दावा कोर्टात टिकला नाही, पण त्या दाव्यानं जगाला विचार करायला लावलं.

आणि ती अळी? ती आजही अमेरिकेत आहे.

योगायोग असा की, त्याच १९६२ साली दिल्लीत टोळधाड आली असताना भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचं अगदी सौम्य द्रावण पिकांवर फवारून पाहिलं. टोळ पिकावर उतरले, पण त्यांनी ते खाल्लं नाही. आपल्या आज्या धान्यात कडुनिंबाचा पाला घालत आल्या, त्या अनुभवाला प्रयोगाचा आधार मिळाला. १९६८ साली त्यातला मुख्य घटक वेगळा काढण्यात आला. पुढे कडुनिंबाच्या बुरशीनाशक वापरावर युरोपात दिलेलं पेटंट भारतातून झालेल्या विरोधानंतर २००० साली रद्द झालं आणि २००५ साली अपिलातही ते रद्दच राहिलं. पानाची चव बिघडवून अळीला परतवणं हा चिरडण्यापेक्षा निश्चितच सौम्य मार्ग आहे. अर्थात निंबोळीनं अळीची कात टाकण्याची क्रियाही बिघडते, म्हणजे ती सर्वस्वी निरुपद्रवी नाही, हे जाणूनच ती वापरावी.

आता सेंट जुलियनच्या त्या जमिनीच्या तुकड्याकडे परत येऊ. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात एक पद्धत मांडली. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावायच्या. एक कोबी लावण्याच्या पंधरा दिवस आधी आणि दुसरी नंतर पंचवीस दिवसांनी. कोबीवर अंडी घालणाऱ्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाला मोहरी अधिक आवडते, म्हणून तो तिकडे जातो. टोमॅटोत अशाच प्रकारे झेंडू लावतात. दर सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ. झेंडूची रोपं टोमॅटोच्या रोपांपेक्षा वयानं मोठी घ्यायची, म्हणजे टोमॅटोबरोबरच तो फुलावर येतो आणि फळ पोखरणाऱ्या अळीची मादी आपली अंडी झेंडूवर घालते. शेतकरी यांना सापळा पिकं म्हणतात आणि पुष्कळदा त्या सापळ्यावर औषध मारतात. परसबागेत मात्र याला खरोखरच कीटकांचा वाटा म्हणता येईल. एका कुंडीत मोहरी, एका कुंडीत झेंडू. भाजीवर अळी दिसली की, काडीनं उचलून तिच्या वाट्यात ठेवायची. १५८७ सालची तडजोड आता जमते, कारण तो तुकडा आता नापीक नाही.

बाकीचे उपायही याच जाणिवेतून येतात. अळी आकाशातून पडत नाही, तिची आई अंडं घालते. मग ते घालूच दिलं नाही, तर कुणालाच मारावं लागत नाही. कोबी, फ्लॉवर, मुळा, पालक यांच्या वाफ्यावर रोपं लावल्या दिवसापासून कमानीवर जुन्या मच्छरदाणीचं कापड घालावं. काकडी, दोडका, भोपळा यांना मात्र फुलं आल्यावर मधमाश्या लागतात, तेव्हा कापड काढावं. रोज सकाळी पानाची खालची बाजू पाहावी. अळूवर, टोमॅटोवर येणाऱ्या पानं खाणाऱ्या अळीची अंडी तपकिरी केसांनी झाकलेल्या पुंजक्यात असतात. पिल्लं सुरुवातीला एकाच पानावर राहून त्याची जाळी करतात. ते एक पान खुडलं, तर शेकड्यांनी अळ्या एकदम उचलल्या जातात. ही अळी एरंडही खाते, म्हणून कुंपणाला एरंड असेल तर ते पान तिथं ठेवावं. मात्र एरंडाच्या बिया विषारी असतात, लहान मुलांपासून त्या सांभाळाव्यात. केसाळ सुरवंटाला हात लावू नये, काडीच वापरावी. अगदीच हाताबाहेर गेलं, तर पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावी.

वांग्याच्या बाबतीत मात्र खोटी आशा देण्यात अर्थ नाही. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी आत शिरते. तिला वाटा काढून देता येत नाही. सुकलेला शेंडा दिसताच खुडून दूर करणं, एवढंच हाती राहतं. आपल्याकडे कांदेनवमीला वांगं खाऊन घेतात आणि मग चातुर्मासात ते वर्ज्य करतात. थेट चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानं ते पुन्हा ताटात येतं. ज्यांच्या घरी ही रीत आहे, त्यांना पावसाळ्याचे दिवस वांग्याशिवाय काढणं नवं नाही.

अळीला काय कळतं, असाही प्रश्न विचारला जातो. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मोठ्या झालेल्या अळ्यांना एका विशिष्ट वासाबरोबर विजेचा सौम्य धक्का देऊन तो वास टाळायला शिकवलं. त्या कोषात गेल्या, त्यांचे पतंग झाले, तरी ते पतंग तो वास टाळत राहिले. कोषात शरीराची इतकी मोडतोड होऊनही अळीपणी शिकलेलं काहीतरी शिल्लक राहिलं. यावरून अळीला आपल्यासारखं दुःख होतं असं सिद्ध होत नाही. पण ती म्हणजे नुसतं चालतं-फिरतं पोट आहे, असंही मग सहज म्हणवत नाही.

शेवटी कढीलिंबाकडे आणि लिंबाकडे वळू, कारण आपल्याकडच्या घराघरांतला खटला तिथंच चालतो. या झाडांवर सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि शेवटच्या अवस्थेत हिरवीगार होणारी अळी असते. डिवचली की डोक्यामागून लालसर शिंग काढते आणि उग्र वास सोडते. ही फुलपाखरांची अळी आहे. महाराष्ट्रानं २०१५ साली ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्या काळ्या-निळ्या फुलपाखराची अळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. फुलपाखराला मान द्यायचा आणि त्याच्या अळीला औषध मारायचं, या दोन गोष्टी एका अंगणात नांदू शकत नाहीत.

रोप लहान असेल, तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर ठेवाव्यात. लिंबावरच्या फुलपाखराची अळी बेलावरही वाढते. झाड मोठं असेल, तर एक फांदी तिला सोडावी. दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न असतो आणि कढीलिंब पुन्हा फुटतो. सगळ्याच अळ्या फुलपाखरं होणार नाहीत. काही कुंभारीण नेईल, काही बुलबुल आणि शिंपी उचलतील. एरवी दाणे टिपणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना अळ्याच भरवते. ज्या बागेत एकही अळी नाही, तिथं त्या पिल्लांनाही काही नाही. उद्या भाजी निवडताना एखाद्या पानाला भोक दिसलं, तर ते टाकून देऊ नका. धुऊन, चिरून भाजीत घाला. ते पान आधी अळीनं चाखलं होतं, एवढीच ती खूण आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)